दातातला विळा

वाळवंटातल्या आमच्या बिर लखाल गावात खजुरीवर चढणारा माणूस विळा दातात धरून चढतो. दोन्ही हात खोडाला, दोन्ही पाय खोडाला, मग विळा धरायचा कुठं? कमरेला खोचला तर मांडी कापतो, गळ्यात अडकवला तर झावळीत गुंततो. म्हणून मूठ दातात आणि पातं गालाबाहेर. माझा सासरा असाच चढला, त्याचा बापही असाच चढला. माझा नवरा अम्मार, त्याच्या वरच्या दोन दातांना तर मुठीनं अशी खाच पाडलीय की भाकरी खाताना तीत कण अडकतो. पूर्वी सोयरीक जमवायला आलेली म्हातारी मुलाचा ओठ वर करून दात बघायची. खाच नसली की म्हणायची, हा काय चढणार, हा खाली बसून नुसता खजूर खाणार.

तोडणीच्या दिवसांत झाडावर एकाखाली एक पाच माणसं उभी राहतात. सगळ्यांत वरचा घड कापतो, विळा पुन्हा दातात धरतो आणि घड दोन्ही हातांनी खालच्याला देतो. तो त्याच्या खालच्याला, असं करत घड जमिनीवर आम्हा बायकांपर्यंत पोचतो. घड पडला की दाणे फुटतात आणि फुटक्या दाण्याला कुणी विचारत नाही. वर विळा आणि खाली उघडी मान, असं ते काम. पंधरा वर्षं अम्मारच्या पायांखाली बिलगासेम उभा राहिला. दोघांच्यात इतका मेळ की बिलगासेम वर न बघता हात पुढं करायचा.

त्या वर्षी तोडणी उशिरा सुरू झाली. हाजी अझहरच्या बागेत चारशे झाडं, त्यातली अर्धीसुद्धा उतरली नव्हती, आणि मिठाच्या रानावर पश्चिमेला रोज दुपारी ढगांची एक काळी कड दिसायला लागली. पाऊस आला की पिकलेला खजूर आंबतो. घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या, पण पिशवी ती किती पुरणार? हाजी बागेत फिरायचा आणि प्रत्येकाला सांगायचा, हात चालवा रे, हात चालवा.

अशातच शुक्रवारी, दुपारच्या नमाजाला सगळे पुरुष मशिदीत गेलेले असताना, कुणीतरी बागेच्या गोदामात शिरलं. राखणदार तैयब काकाच्या डोक्यात लोखंडी पहार घातली आणि नवीकोरी पाणबुडी मोटर नेली. तैयब काका गोदामाच्या दारात पडलेले सापडले. श्वास चालू होता, पण हाक मारली तर ओ नाही. त्यांच्याजवळच अम्मारचा विळा पडला होता.

आता तो विळा तिथं नसेल तर कुठं असेल? सगळ्या चढणाऱ्यांचे विळे गोदामाच्या दारामागच्या खुंट्यांना टांगलेले असतात. झटापटीत एक खाली पडला, तो नेमका अम्मारचा. आणि अम्मार त्या दिवशी मशिदीत गेला नव्हता. बागेच्या पार टोकाला, ओहोळापाशी, झाडाखाली झोपला होता. मी त्याला किती वेळा म्हटलं होतं, शुक्रवारी तरी जात जा, लोक बघतात. म्हणायचा, "अल्ला झोपलेल्याचंही ऐकतो गं."

शनिवारी पोलिसांनी दोघांना नेलं. एक अम्मार. दुसरा नादिर, हाजीच्या बहिणीचा मुलगा. तो टेम्पो चालवायचा आणि गोदामाची दुसरी किल्ली त्याच्याकडं असायची. वय सव्वीस, रंग गव्हाच्या पिठासारखा, डोळे हिरवट. महिनाभरात त्याचं लग्न होतं.

*

रविवारी सकाळी पत्रकार आला. शहरातल्या एका बातम्यांच्या पानाचा माणूस, मोबाईलवर सगळे बघतात ते पान. तरुण, नम्र, बूट दाराबाहेर काढून आत आला. मी त्याला चहा दिला. त्यानं दोनदा वाखाणून घेतला.

"ताई," तो म्हणाला, "लोक उगाच काहीबाही बोलतात. तुमच्या नवऱ्याचा एखादा फोटो असला तर द्या. माणूस कोण आहे, काय करतो, ते लोकांना कळू दे."

आमच्या घरात अम्मारचे फोटो तीन. एक ओळखपत्राचा, त्यात तो झोपेतून उठवल्यासारखा दिसतो. एक लग्नातला, भाड्याच्या सुटातला. सूट इतका ढगळ की आत माणूस आहे की बुजगावणं तेच कळू नये. आणि तिसरा भिंतीवरचा, चौकटीतला.

तो तिसरा माझा लाडका. दोन वर्षांपूर्वी खजूर सोसायटीनं कॅलेंडर छापलं होतं, त्यासाठी ट्यूनिसहून फोटोवाला आला होता. तो झाडाखाली उताणा पडून फोटो काढत होता. अम्मार शेंड्याला पोचला होता, विळा दातात, छाती उघडी, घामानं काळी कुळकुळीत, मागं सूर्य. मी खालून ओरडले, "वरच बिऱ्हाड थाटलंस का? का दुसरी बायको ठेवलीय तिथं?" त्यानं खाली बघितलं आणि विळा दातात तसाच ठेवून तो हसला. नेमका तोच फोटो नोव्हेंबरच्या पानावर आला. सगळ्या बिर लखालनं तो बघितला. बिलगासेमची बायको जळून आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हती.

मी चौकट भिंतीवरून उतरवायला लागले तशी माझी लेक सालहा मध्ये आली. पंधराची पोर, शहरातल्या शाळेत जाते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, तो नको. सुटातला दे."

"का गं? ह्यात काय खोट आहे?"

"खोट नाही गं. पण तो नको देऊस."

"बापाच्या कामाची लाज वाटते का तुला?" मी पत्रकारासमोरच तिला झापलं. "सुटात तो कोण दिसतो? कुणीही. ह्यात तो अम्मार दिसतो. कष्टाचा माणूस दिसतो. असा झाडावर जन्म काढलेला माणूस कुणाच्या डोक्यात पहार घालेल का, विचारू दे लोकांना स्वतःला!"

पत्रकारानं चौकटीवरची धूळ आपल्या बाहीनं पुसली आणि मोबाईलनं फोटोचा फोटो घेतला. मग जरा थांबून आणखी एक घेतला, जवळून, नुसत्या चेहऱ्याचा.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी मागितलं तर आपलं सगळ्यांत चांगलं तेच द्यावं, असं आईनं शिकवलं होतं.

*

सोमवारी मी खजूर निवडायच्या शेडमध्ये गेले. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही तीस बायका बसतो. पाणीदार दाणा एकीकडं, कोरडा एकीकडं, फुटका बादलीत. मी आत शिरले. टेबलाखाली पाच-सहा मोबाईल चमकत होते, ते पटापट विझले.

"दाखवा," मी म्हणाले. "मला दाखवल्याशिवाय का राहणार आहात?"

हसीना नावाची माझ्या शेजारची, तिनं मोबाईल पुढं केला. दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. डावीकडं नादिर. साखरपुड्यातला, पांढरा सदरा, कानामागं जाईच्या कळ्यांचा तुरा, ओठावर मंद हसू. उजवीकडं अम्मार. झाड कापून टाकलेलं, आकाश कापून टाकलेलं, नुसतं तोंड. खालून घेतलेलं, म्हणून नाकपुड्या मोठ्या. ओठ मागं ओढलेले, दात दिसताहेत आणि दातांत विळा. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं: राखणदारावर हल्ला, दोघे ताब्यात.

माणूस तोच होता. दोन वर्षं रोज बघत होते मी ती चौकट. हसत होता तो. पण झाडावाचून, सूर्यावाचून, माझ्या त्या थट्टेवाचून ते हसू हसू राहिलंच नव्हतं.

खाली लोकांनी लिहिलं होतं. हसीना वाचू देईना, मग मी घरी गेल्यावर सालहाला वाचायला लावलं. तिनं कोरड्या आवाजात, धडा वाचावा तसं वाचलं.

"'डोळे बघा ह्याचे. पुरावा कशाला पाहिजे?' 'असले चेहरे मोकाट फिरतात आणि आपण रात्री दारं उघडी ठेवतो.' 'हिरव्या डोळ्यांच्या पोराला उगाच अडकवलंय, त्याच्या तोंडावर निरागसपणा दिसतोय.' 'बिचाऱ्याचं लग्न ठरलंय हो!' 'वसीफ तो वसीफच.'"

वसीफ म्हणजे गुलाम. आमच्या पणज्याच्या काळी आम्हाला विकत घेणारे गेले, शब्द मात्र ठेवून गेले.

"पुढं वाच."

"पुढंही तेच आहे, आई. चारशे जणांनी लिहिलंय." तिनं मोबाईल उपडा ठेवला. "चारशेत एकानं तरी विचारलं का, की विळा तोंडात का आहे म्हणून?"

ती मला एकदाही म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी नादिर सुटला. किल्ली हरवली होती असं त्यानं सांगितलं आणि ते पटलं. त्याच्या आईनं घरासमोर मेंढा कापला आणि गल्लीत सगळ्यांना मटण वाटलं, आमचं एक दार सोडून.

*

आठवड्यातून एकदा कैद्याला घरची टोपली देता येते. मी वाटाणे-भोपळा घालून कुसकुस केलं, वर मेंढीच्या मटणाचे दोन तुकडे ठेवले. शहरापर्यंत शेअर टॅक्सीत माझ्या शेजारची सीट मोकळी राहिली. दोन माणसं उतरून मागच्या गाडीत बसली.

तुरुंगाच्या दारावर शिपायानं चमच्यानं कुसकुस उकरून बघितलं, मटणाचे तुकडे चमच्यानं फोडले. आतल्याला ओरडून म्हणाला, "विळेवाल्याची बायको आलीय रे! विळाबिळा आणलाय का टोपलीत, बघतो जरा."

दोघंही हसले. मीही हसल्यासारखं केलं. टोपली आत जायला पाहिजे होती ना.

जाळीपलीकडं अम्मार बसला होता. दहा दिवसांत गाल आत गेले होते. अंगावर ऊन नाही म्हणून रंग राखेसारखा झाला होता. त्याला वर्तमानपत्र दिसत नव्हतं, मोबाईल दिसत नव्हता. एवढंच कळलं होतं की बाहेर फोटो छापून आलाय.

"कुठला दिलास?" त्यानं विचारलं.

"भिंतीवरचा."

"वा!" तो खूश झाला. खरंच खूश झाला, बाई! जाळीला बोटं लावून म्हणाला, "चांगलं केलंस. तो चांगला आहे. सुटातला दिला नाहीस ना? त्यात मी चोर दिसतो."

मी मान हलवली. त्यानं तोडणीचं विचारलं, ओहोळाकडची झाडं उतरली का, ढग कुठवर आलेत, बिलगासेमच्या वर आता कोण चढतं. मी सगळ्याची उत्तरं दिली. निघताना म्हणाला, "तैयब काका शुद्धीवर आले की सांगतीलच. वीस वर्षं ओळखतात ते मला. चढायला त्यांनीच शिकवलंय."

सगळा भार त्या एका म्हाताऱ्याच्या शुद्धीवर होता. मी रोज नमाजानंतर अम्मारसाठी नाही, तैयब काकासाठी दुवा मागायचे. या अल्ला, उघडू दे डोळे, एकदा बोलू दे.

*

आणि ते बोलले.

तेराव्या दिवशी हसीनानं शेडमध्ये बातमी आणली, काकांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. मी तशीच उठले. खजुराचे चिकट हात ओढणीला पुसले, घरून चोर्बा, मटणाचं गरम सूप, डब्यात भरला आणि दवाखान्यात गेले. काकांची बायको खालाजान हनिया वॉर्डाच्या दाराशी बसली होती. माझ्याकडं बघून तिनं तोंड फिरवलं, पण अडवलं नाही.

आत खाटेभोवती काकांचे दोघं मुलगे उभे होते. थोरल्यानं मोबाईल बापाच्या डोळ्यांसमोर धरला होता.

"हाच ना, बाबा? नीट बघा. हाच होता ना?"

काका बघत होते. डोक्याला पांढरी पट्टी, डोळे पाण्यात भिजलेल्या मनुकांसारखे. वॉर्डबॉय म्हणाला, आज हा फोटो ह्यांना दहाव्यांदा तरी दाखवला असेल.

"विळा होता," काका म्हणाले. आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. "तोंडात विळा होता त्याच्या. दारात उभा होता."

मुलग्यांनी एकमेकांकडं बघितलं. धाकटा म्हणाला, "सांगितलं नव्हतं मी?"

मी डबा छातीशी धरला. मग माझ्या मनात काहीतरी टोचलं. मी खाटेपाशी गेले.

"तैयब काका, मी मबरूका. अम्मारची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"काका, तो माणूस कुठं उभा होता? झाडावर?"

"दारात. गोदामाच्या दारात."

"म्हणजे जमिनीवर."

"जमिनीवर."

"जमिनीवर विळा तोंडात कोण धरतं, काका?" माझा आवाज चढला. "चाळीस वर्षं चढलात तुम्ही. जमिनीवर आल्यावर आधी काय करायचं? विळा काढून खांद्यावर टाकायचा आणि थुंकायचं. तुम्हीच अम्मारला शिकवलंत, तोंडात विळा घेऊन माणसांत फिरू नये, अपशकुन असतो. आठवतंय का? पहार ज्यानं उचलली त्यानं दोन्ही हातांनी उचलली, मग विळा कशाला धरेल तो तोंडात? तुम्ही त्याला नाही बघितलं. तुम्ही हा फोटो बघितला!"

काकांनी हात वर केला, बोटं दातांपाशी नेली आणि तिथंच थांबवली. मला वाटलं, आलं, आता आठवलं.

"तोंडात विळा होता," ते म्हणाले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "मी बघितला गं, पोरी. अजून दिसतो. डोळे मिटले की दिसतो."

थोरल्यानं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. चोर्ब्याचा डबा जिन्यावर सांडला. खालाजाननं तो उचलून माझ्या हातात दिला.

तपास करणाऱ्या न्यायाधीशांकडं मी बिलगासेमला घेऊन गेले. बिलगासेमनं ठासून सांगितलं, "साहेब, मी ह्याच्या पायांखाली पंधरा वर्षं मान उघडी ठेवून उभा राहिलोय. मारणारा असता तर आधी मी मेलो असतो." कारकुनानं लिहून घेतलं. जमिनीवरच्या विळ्याचंही लिहून घेतलं. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून विचारलं, "हा फोटो पत्रकाराला कुणी दिला?"

"मी."

"स्वतः?"

"हो. स्वतः."

मग म्हणाल्या, "ह्यापेक्षा दुसरा नव्हता का?"

आपलेच दात, आपलेच ओठ.

*

शेवटी मोटरीनंच तोंड उघडलं. साठ कोसांवरच्या एका गावात शेतकऱ्यानं नवी पाणबुडी मोटर अर्ध्या किमतीत घेतली होती. तिच्यावरचा नंबर दुकानदारानं ओळखला. विकणारा कोण? टेम्पोवाला, हिरव्या डोळ्यांचा. पोलिसांनी नादिरला लग्नाच्या चार दिवस आधी उचललं आणि त्यानं दुपारपर्यंत सगळं कबूल केलं. तैयब काकांनी त्याला पाठमोरा असतानाच ओळखून हाक मारली होती, म्हणून पहार घातली.

बातमीवर फोटो तोच. पांढरा सदरा, जाईचा तुरा. सालहानं मला न विचारताच वाचून दाखवलं.

"'ह्या गोड पोराला कुणाची नजर लागली?' 'लग्नाचा खर्च डोईजड झाला असेल बिचाऱ्याला.' 'एवढा देखणा पोरगा, वाईट संगतीनं वाया गेला.' 'त्या विळेवाल्यानंच नादी लावलं असेल, बघा तुम्ही, अजून बाहेर येईल.'"

दुसऱ्या दिवशी अम्मारची बातमी आली. एकच ओळ: राखणदार प्रकरणातील दुसरा संशयित निर्दोष. आणि खाली फोटो. कुठला, ते सांगायला नको. दात, विळा, नाकपुड्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'निर्दोष? ह्याच्याकडं बघून तर वाटत नाही.'

तेवीस दिवसांनी अम्मार घरी आला. भिंतीवर चौकटीच्या जागी फिकट चौकोन राहिला होता, त्याच्याकडं बघितलं आणि विचारलं, "कुठं गेला?"

"काच फुटली," मी म्हणाले. पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवला होता मी तो, पालथा.

*

पाऊस आता दोन दिवसांवर आला होता. रेडिओही तेच सांगत होता आणि हाजीचा गुडघाही. हाजी स्वतः आमच्या दाराशी आला. आत नाही आला, उंबऱ्यावरूनच बोलला.

"अम्मार, झालं ते झालं. ओहोळाकडची साठ झाडं तशीच उभी आहेत. तुझ्याएवढ्या वेगानं कापणारा दुसरा नाही. उद्या पहाटे ये."

अम्मार रात्रभर दगडावर विळा घासत बसला नाही, काही नाही. शांत झोपला. पहाटे उठला, अनवाणी निघाला. मी आणि सालहा मागोमाग.

ओहोळापाशी माणसं जमली होती. "या या, अम्मारभाई!" "सुटलास बरं झालं, भावा!" कुणी खांदे धरले, कुणी गालाला गाल लावले. नाव ठेवायला जागा नव्हती. मग अम्मारनं विळा दातात धरला आणि पहिल्या झाडावर चढला. सरसर. तेवीस दिवसांनीसुद्धा पाऊल चुकलं नाही. शेंड्याला पोचून त्यानं घडाची पिशवी सोडली, पायानं खोड घट्ट धरलं आणि थांबला. त्याच्याखाली कुणीच चढलं नव्हतं.

खाली चार माणसं उभी होती. एक दोरी सोडवत होता, पण दोरीला गाठ नव्हतीच. एक ढगाकडं बघत होता.

"बिलगासेम!" मी म्हणाले. "जा ना वर."

बिलगासेमनं मांडीवर हात फिरवला. "गुडघा धरलाय गं, मबरूका. कालपासून."

"कालपर्यंत तर चढत होतास."

"खोटं बोलत नाही. न्यायाधीशांपुढं उभा राहिलो ना मी? मला ठाऊक आहे त्यानं काही केलं नाही." तो माझ्याकडं बघत नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "पण बायको म्हणते, त्याच्याखाली उभा राहू नकोस. रोज बघितलाय तिनं तो फोटो. मीही बघितलाय. आता वर बघितलं की मला तेच दिसतं. काय करू? माझं मन माझ्या हातात आहे का?"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मी ओरडले. "लाज वाटत नाही?"

"वाटते," तो म्हणाला. "पण मान माझी आहे."

वरून अम्मार काही बोलला नाही. विळा दातात होता, बोलणार कसा? तो वाट बघत होता. पश्चिमेकडून गार वारा आला आणि पिशव्या फडफडल्या.

मी चपला काढल्या. बायका चढत नाहीत आमच्याकडं, पण लहानपणी मी भावांबरोबर चोरून चढायचे. ओढणी कमरेला बांधली आणि तोडलेल्या झावळ्यांच्या खुंटांवर पाय रोवत वर गेले. हातांना खुंटांचे काटे लागले, गुडघा सोलला. सालहा खाली उभी राहून म्हणाली, "आई, हळू!" मग ती माझ्याखाली चढली. तिच्याखाली लाजेकाजेस्तव दोन माणसं आली. बिलगासेम खाली चादर धरून उभा राहिला.

मी अम्मारच्या पायांखाली पोचले. त्याची टाच माझ्या कपाळाजवळ होती, भेगाळलेली, वर्षानुवर्षं ओळखीची. मी खोडाला पोट टेकलं आणि दोन्ही हात वर केले. वर कापल्याचा आवाज झाला, कोरडा, एका झटक्यातला. घड आला असणार.

मी वर बघितलं.

सूर्य त्याच्या डोक्यामागं होता. ओठ मागं ओढलेले, दातांत विळा, नाकपुड्या मोठ्या, आणि तो माझ्याकडं खाली वाकत होता.

माझे हात आपोआप मागं आले. एवढेसे, वीतभर. मी मान खांद्यांत घातली.

घड हातांमधून निसटला. सालहाच्या खांद्याला लागून खाली गेला आणि जमिनीवर दाणे फुटल्याचा आवाज आला.

अम्मारनं ते बघितलं. घड नाही, माझे हात बघितले. त्यानं विळा हळूच दातांतून काढला, झावळीच्या खाचेत अडकवला, ओठ मिटले.

"मीच आहे गं," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हणाले. "दे."

त्यानं दुसरा घड कापला. तो मी खाली बघूनच घेतला.